स्पेनच्या राजाचं गाव

गेली काही वर्षं मी लोकांना सायकलवरून एक जुनं गाव दाखवते. पुण्याला गेले की नातेवाईक विचारतात, "म्हणजे नक्की काय करतेस?" मी सांगते, मी पुढे सायकल चालवते, लोक मागून येतात, मध्येमध्ये थांबून मी बोलते. मग कुणीतरी म्हणतं, "पण तू बँकेत होतीस ना?"

होते. नवऱ्याला आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या मशीनच्या कंपनीत नोकरी लागली आणि माझी बँक सुटली. मुलं शाळेत रुळली, मी डच शिकले, आणि घरी बसून करायचं काय या प्रश्नाचं उत्तर शोधत एक दिवस ट्रेनने डेन बॉसला गेले. या गावाचं पूर्ण नाव इतकं लांब आहे की इथली माणसंसुद्धा ते फक्त पाटीवर लिहितात. स्टेशनमागे विम नावाच्या उंच, मोजकं बोलणाऱ्या माणसाचं सायकलींचं दुकान होतं. तो सायकली भाड्याने द्यायचा आणि गाव दाखवायला गाइड ठेवायचा. इंग्रजी आणि हिंदी बोलणारं कुणीतरी त्याला हवं होतं. मी आठवडाभर पाठांतर करून गेले होते. त्याने इतिहासातलं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाला, "लोक इथे इतिहासासाठी येतात असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे त्यांना पडायचं नसतं. आधी ते सांभाळ."

धंद्याचं सार तेवढंच आहे. माणूस दुकानाच्या अंगणात सायकल हातात धरून कसा चालतो, यावरून तो कसा चालवणार हे कळतं. हँडल घट्ट आवळून धरणारा वळणावर घाबरतो. आपल्याकडच्या पाहुण्यांना मी आधी अंगणात दोन फेऱ्या मारायला लावते, कारण इथल्या बऱ्याच सायकलींना ब्रेक पायात असतो. पॅडल उलटं फिरवलं की चाक जागच्या जागी थांबतं. आपल्याला उतारावर पाय उलटे फिरवत निवांत जायची सवय, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी दचकून शिवी देतंच. चौक ओलांडताना थांबायचं नाही, ओलांडून पलीकडे थांबायचं. आणि सगळ्यांचा एक पाय जमिनीला टेकल्याशिवाय गाइडने तोंड उघडायचं नाही, कारण तोल सांभाळणारा माणूस काहीही ऐकत नसतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. निवृत्त डच बायकांचा एक गट आला होता. मी नमस्कार करून उभी राहिले, त्यांनीही हसून नमस्कार केला आणि थोड्या वेळाने एकीने विचारलं, "गाइड कधी येणार?" मी म्हटलं, "आलीय." मग ती बाई पूर्ण वेळ माझा घशातला 'ख' सुधारत राहिली. निघताना मात्र मिठी मारून म्हणाली, या गावात मी जन्मले पण तू दाखवलेल्या त्या बोळात कधी शिरले नव्हते. दुसरं एक नवविवाहित जोडपं नागपूरचं. त्यांचं सीटच्या उंचीवरून जे भांडण लागलं ते कॅथीड्रलपर्यंत मिटलं नाही. ते तिथली एक मूर्ती पाहत असताना मी पाठ फिरवून उभी राहिले, तेवढ्यात मिटलं.

पण हा लेख लिहायला बसले ते शिंदे कुटुंबामुळे. त्यांची परवानगी घेतली आहे. नावं बदलली आहेत.

अभिजित शिंदे आइंडहोवनचा, माझ्या नवऱ्याच्याच क्षेत्रातला, पण आमची ओळख नव्हती. आईवडील, शालनताई आणि दत्ताजीराव, सांगलीकडून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. सुनेचे, मृणालचे, दिवस भरत आले होते. ती घरी पडून होती आणि सासूसासऱ्यांना घरात बसवून ठेवल्याचं तिलाच वाईट वाटत होतं, म्हणून तिने ही सहल ठरवली. फोनवर म्हणाली, "बाबा साखर कारखान्यात होते. जन्मभर सायकलनेच कामाला गेले. आईंना मात्र सायकल येत नाही हं."

सायकल न येणाऱ्यांसाठी आमच्याकडे बाकफीट्स आहे, म्हणजे खोक्याची सायकल. पुढे लाकडी खोकं, मागे सीट आणि बॅटरी. इथे लोक त्यातून मुलं, कुत्री, किराणा, सगळं नेतात. शालनताईंना मी त्या खोक्यात बसवलं, मांडीवर ब्लँकेट दिलं. साडी, वर मुलाचं जाड जॅकेट, कानाला स्कार्फ. त्या लाजून हसत होत्या. "गावाकडं फोटो पाठवू नको रे," त्या अभिजितला म्हणाल्या, आणि त्याने लगेच पाठवला.

दत्ताजीराव सत्तरीचे, ताठ. सायकल हातात आल्या आल्या त्यांनी टायर दाबून पाहिला, घंटी वाजवली, पँटचा पाय मोज्यात खोचला. पायातल्या ब्रेकला ते दचकले नाहीत. एक फेरी मारून म्हणाले, "मॅडम, झकास." त्यांच्यात काळजी करण्यासारखं मला काही दिसलं नाही. सगळ्यात मागे अभिजित, मध्ये वडील, पुढे बाकफीट्सवर मी आणि खोक्यात शालनताई, असे आम्ही निघालो.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. दत्ताजीराव काही विचारू लागले की शालनताई आधी बोलायच्या. "आपण कुठं—" एवढं त्यांनी म्हटलं की खोक्यातून उत्तर यायचं, "बॉस गावात आलोय. अभीच्या गावाजवळ." मला वाटलं, जुनं लग्न आहे, बायको वाक्य पूर्ण करते.

सेंट यान कॅथीड्रलपाशी आम्ही सायकली उभ्या केल्या. तिथे वर, दगडी देवदूतांच्या रांगेत, अलीकडच्या दुरुस्तीत बसवलेली एक देवदूत मुलगी आहे, जीन्स घातलेली आणि कानाला मोबाइल लावलेली. गावात म्हणतात, तिच्या फोनला एकच बटण आहे, थेट देवाचं. हे सांगितलं की सगळे माना वर करतात. शालनताईंना ती दिसेना, म्हणून मी त्यांच्या मागे उभी राहून बोटाने दाखवत होते. अभिजितला ऑफिसचा फोन आला म्हणून तो जरा बाजूला गेला होता. मुलगी एकदाची दिसली, शालनताईंनी हात जोडले, आणि आम्ही मागे वळलो तर दत्ताजीराव नव्हते. त्यांची सायकलही नव्हती.

आधी आम्ही हाका मारल्या. कॅथीड्रलला चक्कर मारली. अभिजितने फोन लावला तर तो खोक्यातल्या ब्लँकेटखाली वाजायला लागला. "ते असं कधीच करत नाहीत," तो म्हणाला. मी विमला कळवलं. अभिजितला म्हटलं, तू बाजाराच्या चौकातून स्टेशनकडे जा, दुकान त्यांनी पाहिलंय. मी तटबंदीकडे जाते. मला एकच सुचलं होतं. त्या दिवशी उत्तरेचा बोचरा वारा होता. जन्मभर सायकल चालवलेला म्हातारा माणूस, कुठे जायचं हे ठरलेलं नसेल तर, वाऱ्याला पाठ देऊन जातो. म्हणजे दक्षिणेला. दक्षिणेला तट आहे आणि तटापलीकडे दलदल.

शालनताईंना घेऊन मी निघाले. बॅटरीचा जोर पूर्ण वाढवला. खोकं दगडी रस्त्यावर खडखडत होतं आणि त्या दोन्ही हातांनी कडा धरून समोर पाहत होत्या. गल्ली संपता संपता, मागे न वळता त्या म्हणाल्या, "ताई, हे पहिल्यांदा नाही झालं."

मी वेग कमी केला नाही.

"दिवाळीनंतर सुरू झालं. हे दूध आणायला गेले आणि एसटी स्टँडवर जाऊन बसले. ओळखीच्या माणसानं आणून सोडलं. मग एकदा गिरणीतनं घर सापडेना. अभीला काही माहीत नाही. त्याच्याशी फोनवर बोलायच्या आधी मी ह्यांना सगळं सांगून ठेवते. आज वार कोणता, जेवायला काय होतं. तेवढं निभावतं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं तर नाव पडेल आजाराला," त्या म्हणाल्या. "नाव पडलं की अभी इथलं सगळं सोडून येईल. आत्ताच घर घेतलंय. बाळ यायचंय."

आम्ही तटाखालून बाहेर पडलो. डाव्या हाताला ओली सपाट कुरणं पसरलेली, त्यात गाई, आणि कडेने जाणारी सायकलवाट. बरंच पुढे एक सायकल स्टँडवर नीट उभी केलेली दिसली. शेजारी दत्ताजीराव, हात मागे बांधून गाईंकडे बघत.

मी जवळ जाऊन थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख दिसली नाही. आवाज शांत होता, कामावरच्या माणसाचा.

"भोंगा झाला का?" त्यांनी विचारलं.

शालनताई खोक्यातून धडपडत उतरल्या. "नाही झाला अजून," त्या म्हणाल्या. "वेळ आहे." त्यांनी नवऱ्याची कॉलर सारखी केली. आवाजात जराही घाई नव्हती. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, त्या म्हणाल्या, "ताई, अभीला सांगू नका. ते पुढं फिरत गेले म्हणून सांगा. हात जोडते."

मी अभिजितला फोन केला. सापडले, ठीक आहेत, कुठे आहोत ते सांगितलं. तो यायला थोडा वेळ होता. तेवढ्यात मला ठरवायचं होतं.

खरं म्हणजे माझं काम लोकांना गाव दाखवणं. त्यांच्या घरातलं मला काय करायचंय? पण सकाळी अंगणात अभिजित मला कौतुकाने सांगत होता की मृणालला दुपारी झोप मिळावी म्हणून बाबा बाळाला बाबागाडीतून कालव्याकडेने फिरवून आणतील, त्यांना चालायला आवडतं. ते कालवे मला माहीत आहेत. त्यांना कठडे नसतात.

मी शालनताईंना म्हटलं, "मी होऊन काही बोलणार नाही. ते तुमचं आहे. पण त्याने मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. बाळ यायचंय हे तुम्हीच म्हणालात."

त्यांच्या डोळ्यांत एकदम राग आला. "मी असते की बाळापाशी. तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही परक्या."

"हो," मी म्हटलं.

अभिजित आला तो घामाघूम. सायकल त्याने गवतातच टाकली. "बाबा, काय हे! सांगून तरी जायचं! फोन तिकडे, तुम्ही इकडे. पाणी आहे सगळीकडे, काही झालं असतं म्हणजे?"

दत्ताजीराव त्याच्याकडे बघत राहिले. तोवर त्यांचे डोळे बदलले होते. झोपेतून उठलेला माणूस खोली ओळखतो तसे ते आजूबाजूला बघत होते.

"अरे, हवा खायला आले पुढं," शालनताई म्हणाल्या. "तू पण ना, लगेच..."

अभिजित माझ्याकडे वळला. "सॉरी, पण ताई, तुम्ही गाइड आहात. तुम्ही लक्ष ठेवायला हवं होतं ना? वयस्कर माणूस आहे. मी तुमच्या भरवशावर—"

मी शालनताईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मला राग आला होता हे मान्य करते, आणि सगळं ओठांवर होतं. पण त्याने मला प्रश्न विचारला नव्हता, आरोप केला होता. मी त्याची गवतात पडलेली सायकल उचलून उभी केली.

"बाईंना बोलू नको," दत्ताजीराव म्हणाले.

"बाबा, पण—"

"त्यांचं काही चुकलं नाही. मी फिरायला नाही आलो इकडं. मला कुठं आलोय ते कळत नव्हतं." शब्द शोधत होते की धीर, सांगता येत नाही. "वाट चुकलो असं नाही, अभी. गावच कुठलं ते आठवत नव्हतं. हे इथंच नाही, तिकडं सांगलीलाही होतं. तुझी आई झाकतीय. मी पण झाकतोय."

"अहो," शालनताई म्हणाल्या.

"किती दिवस असं झाकणार आहेस गं? उद्या त्याच्या पोराला कुठं ठेवून आलो तर?"

म्हणजे जे माझ्या मनात होतं ते त्यांच्या मनात आधीपासून होतं. कॅथीड्रलपाशी दिसलं नाही, अंगणात दिसलं नाही, पण तो माणूस ते घेऊनच आमच्याबरोबर सायकल चालवत होता.

अभिजित ओल्या गवतात खाली बसला. शेजारून सायकलवाले घंटी वाजवत जात होते. एका म्हाताऱ्या डच माणसाने थांबून "सगळं ठीक आहे ना?" विचारलं. मी मान हलवली. तो गेल्यावर अभिजितने विचारलं, "केव्हापासून?" आणि शालनताई त्याच्याजवळ बसल्या आणि सांगू लागल्या, एसटी स्टँडपासून. मी दत्ताजीरावांना घेऊन गाईंच्या दिशेने जरा पुढे गेले. ते ऐकायला मी तिथे असायचं कारण नव्हतं.

परतायची वेळ झाली तेव्हा अभिजितने हळूच विचारलं, "बाबा, टॅक्सी बोलावू? चालवाल ना तुम्ही?"

"सायकल विसरलेलो नाही अजून," दत्ताजीराव म्हणाले. त्यावर शालनताईंना रडता रडता हसू फुटलं. मग ते मला म्हणाले, "मॅडम, तुमचं दाखवायचं राहिलंय ना? अर्ध्यात कशाला सोडता?"

मला वाटलं नव्हतं की कुणाला ऐकायचं असेल. पण आम्ही तटावर थांबलो, सगळ्यांचा एक एक पाय टेकला, आणि मी सांगितलं. हे गाव एके काळी स्पेनच्या राजाचं होतं. आजूबाजूला अशीच दलदल, त्यामुळे कुणालाच जिंकता येईना. मग एक डच राजपुत्र आला. त्याने नद्या अडवल्या, पवनचक्क्यांनी पाणी उपसलं, आणि कोरड्या जमिनीवरून चालून आला. गाव पडलं. दत्ताजीरावांनी कारखान्यातल्या माणसाचा प्रश्न विचारला: पाणी उपसून टाकलं कुठं? मला उत्तर नीट माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

नंतर अभिजितचे फोन येत राहिले. पहिला माफीचा होता. मग कळलं की इथल्या हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, दाखवलं, पुढची तपासणी सांगलीला करायची ठरली. आजाराला नाव पडलं. मुलगी झाली. बाळाला फिरवायला शालनताई न्यायच्या, आजोबा बाबागाडीचा दांडा धरून बरोबर. अभिजितने नोकरी सोडली नाही, पण बरीचशी रजा घेतली आणि सांगलीला जाऊन राहून आला. पुढचं काय, हे तेव्हा ठरलं नव्हतं आणि माझ्या समजुतीप्रमाणे अजूनही पूर्ण ठरलेलं नाही. शालनताईंनी मला माफ केलं की नाही, ठाऊक नाही. बाळाच्या बारशाचे पेढे मात्र त्यांनी आठवणीने पाठवले, डब्यावर माझं नाव त्यांच्या हाताने लिहून.

सांगलीला परतायच्या आधी बापलेक एकदा परत आले. दोघेच. अभिजितला आमची जोडसायकल हवी होती, जिच्यावर दोन माणसं शेजारी शेजारी बसतात, दोघांना पॅडल, हँडल मात्र एकाच्याच हातात. विमने स्वतः सीट बसवून दिली. दत्ताजीरावांनी मला ओळखलं नाही, पण टायर दाबून पाहिला आणि "झकास" म्हणाले. अभिजित म्हणाला, "ताई, पुढे राहा." मी म्हटलं, रस्ता तुला माहीत आहे, मी मागून येते. गाइड झाल्यापासून मी कधी कुणाच्या मागे चालवली नव्हती.

तटाखालच्या वाटेवर वारा पडला होता, त्यामुळे पुढचं सगळं ऐकू येत होतं. "हे गाव कुठलं रे?" दत्ताजीरावांनी विचारलं. "डेन बॉस, बाबा." जरा पुढे गेल्यावर पुन्हा, "हे गाव कुठलं?" "आत्ताच सांगितलं ना, डेन बॉस." आवाज किंचित चढला होता. वडील गाईंकडे बघू लागले. एका वळणावर त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी भीत भीत.

अभिजितने पॅडल मारणं थांबवलं नाही. "हे होय? हे गाव फार जुनं आहे, बाबा," तो म्हणाला. "आधी स्पेनच्या राजाचं होतं." आणि त्याने सगळं सांगितलं, नद्या अडवल्या ते, पाणी उपसलं ते, थोडं चुकीचं, थोडं रंगवून. मध्येच वडिलांनी विचारलं, "आणि उपसलेलं पाणी?" आणि त्याने बेधडक काहीतरी ठोकून दिलं. दत्ताजीराव समाधानाने मान हलवत ऐकत होते.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "बरं झालं तू बरोबर आहेस. मला एकट्याला इथनं घर सापडलं नसतं."

मी पाय थांबवले आणि माझी सायकल बरीच मागे पडू दिली.